वाक्यातला कर्ता : अमेरिकी स्वातंत्र्याच्या कागदांचे एक वाचन

वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१० च्या जुलैमध्ये एक लहानशी बातमी प्रसिद्ध केली. थॉमस जेफरसनने जून १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जो कच्चा खर्डा लिहिला, त्यात एका ठिकाणी एक शब्द पुसून त्यावर दुसरा लिहिलेला आहे. वरचा शब्द स्पष्ट होता : 'नागरिक'. खालचा मात्र इतका काळजीपूर्वक पुसलेला होता की तो नीट लावता येत नव्हता. निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात कागदाची छायाचित्रे घेतल्यावर तो उमटला. तो शब्द होता 'प्रजाजन'. जेफरसनने तो शाई ओली असतानाच पुसला होता.

ज्या वाक्यात ही दुरुस्ती झाली ते वाक्य अंतिम जाहीरनाम्यात राहिलेही नाही. तरीही तो डाग मला महत्त्वाचा वाटतो. हाताला सवयीने आलेला शब्द आणि विचाराने आणलेला शब्द तिथे एकावर एक आहेत. तेरा वसाहतींचा ब्रिटिश अमलापासून नव्या शासनापर्यंतचा प्रवास इतिहासकार कर, लढाया आणि तह यांच्या क्रमाने सांगतात, आणि तो तसा सांगायलाच हवा. मी येथे तो कागदांच्या क्रमाने वाचणार आहे. शाळेत व्याकरणाच्या तासाला वाक्य फळ्यावर लिहून 'कर्ता कोण?' असे विचारले जाई. तोच प्रश्न मी १७६५ ते १७८९ या काळातल्या काही कागदांना विचारतो.

असे वाचण्याचे कारण आहे. अमेरिकी स्वातंत्र्याविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेने लिहिले जाते. एका तऱ्हेत जाहीरनाम्याच्या दुसऱ्या परिच्छेदाची, म्हणजे समतेच्या आणि जन्मसिद्ध हक्कांच्या घोषणेची, आरती ओवाळली जाते. दुसरीत 'गुलामांच्या मालकांनी लिहिलेली समता' असे म्हणून विषय मिटवला जातो. दोन्ही वाचनांत एक उणीव समान आहे. दोघेही तेवढाच एक परिच्छेद वाचतात. जाहीरनाम्यात त्यापुढे बरेच काही आहे. शिवाय जाहीरनाम्याने सत्ता नाकारली, शासन उभे केले नाही. शासन उभे राहायला आणखी तेरा वर्षे आणि आणखी दोन कागद लागले, आणि खरी गुंतागुंत त्या कागदांत आहे.

१. अर्जदार

१७६३ मध्ये सात वर्षांचे युद्ध संपले तेव्हा फ्रान्सला उत्तर अमेरिकेतून हटवल्याचा आनंद लंडनला आणि बॉस्टनला सारखाच होता. पण ब्रिटनवरचे कर्ज युद्धाच्या काळात जवळपास दुप्पट झाले होते. वसाहतींच्या रक्षणाचा खर्च वसाहतींनीही सोसावा, या विचाराने पार्लमेंटने १७६५ मध्ये स्टँप अ‍ॅक्ट केला. वर्तमानपत्रे, कोर्टाचे कागद, परवाने, इतकेच काय पण पत्त्यांचे जोड, सगळ्यांवर स्टँप लागणार होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी अर्ज लिहिले : एक राजाला, एक उमराव सभेला, एक लोकसभेला.

या अर्जांतला मुद्दा टणक आहे. ज्या सभेत आमचा प्रतिनिधी नाही तिने आमच्यावर कर लादू नये, हा तो मुद्दा. भाषा मात्र मऊ आहे. आपल्याकडच्या 'मायबाप सरकार' शैलीतल्या अर्जांची ज्याला ओळख आहे त्याला ही घडण लगेच कळेल. आधी निष्ठेची ग्वाही, मग गाऱ्हाणे, मग पुन्हा निष्ठा. कर्ता 'आम्ही' आहे, पण क्रियापद 'विनवितो' हे आहे. १७६६ मध्ये कायदा रद्द झाला, पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून ठेवला. वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा आपला अधिकार अबाधित आहे, असे त्यात लिहिले होते. अर्जदाराला सवलत मिळाली. अधिकार मिळाला नाही.

या शैलीचा सर्वांत कसलेला लेखक म्हणजे जॉन डिकिन्सन. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर नव्या जकाती बसल्या, तेव्हा त्याने 'पेनसिल्व्हेनियातील एक शेतकरी' या नावाने बारा पत्रे लिहिली. लेखक प्रत्यक्षात श्रीमंत वकील होता. पत्रे वसाहतींतल्या बहुतेक वर्तमानपत्रांनी छापली. व्यापाराच्या नियमनासाठी लावलेली जकात आणि महसुलासाठी लावलेला कर यांत फरक आहे, हे त्याने सामान्य वाचकाला समजेल असे सांगितले. पुढे १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात आपल्याही ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. पार्लमेंटने शिक्षा म्हणून बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात काँटिनेंटल काँग्रेस भरली. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे गोळ्या झाडल्या गेल्या. आणि त्यानंतरही, जुलै १७७५ मध्ये, काँग्रेसने राजाला आणखी एक अर्ज पाठवला. त्याचा मुख्य लेखक पुन्हा डिकिन्सन होता. आम्ही आपले निष्ठावंत प्रजाजन आहोत, दोष आपल्या मंत्र्यांचा आहे, आपण मध्यस्थी करावी, असा त्याचा सूर आहे. त्याखाली सह्या करणाऱ्यांत जेफरसन होता. वर्षभराच्या आत त्याने ओल्या शाईतून जो शब्द पुसला, त्याच शब्दाखाली त्याची ही सही आहे.

२. 'त्याने'

राजाने तो अर्ज स्वीकारला नाही. ऑगस्टमध्ये त्याने वसाहती बंडखोर असल्याचे जाहीर केले. अर्जाची पत्तापेटीच बंद झाली होती. आता बोलायचे कुणाशी आणि कोणत्या भाषेत?

ती भाषा एका परक्याने दिली. थॉमस पेन इंग्लंडहून नोव्हेंबर १७७४ च्या अखेरीस फिलाडेल्फियाला आला. तो कधी स्त्रियांच्या काचोळ्या शिवणारा कारागीर होता, कधी अबकारी खात्यातला नोकर. जानेवारी १७७६ मध्ये त्याने 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका निनावी छापली. तिच्याआधीच्या लेखनात राजा भला आणि मंत्री वाईट असत. पेनने राजपदालाच हात घातला. इंग्लंडच्या राजघराण्याचा मूळपुरुष म्हणजे टोळी घेऊन आलेला एक लुटारू, आणि बेटाने खंडावर राज्य करणे हे निसर्गाच्या रीतीला धरून नाही, असे तो सरळ सांगतो. लॅटिन अवतरणे त्याच्याकडे नाहीत. त्याचे दाखले बायबलचे आणि रोजच्या व्यवहाराचे आहेत, कारण त्याचा वाचक तेच वाचत होता. पेनच्या लेखनात 'आपण' हा कर्ता प्रथमच आत्मविश्वासाने उभा राहतो. आपण विनवायचे नाही, आपण ठरवायचे, हे त्याने लोकांच्या तोंडी रुळवले.

पाच महिन्यांनी जेफरसन लिहायला बसला. जाहीरनाम्याचा गाभा म्हणजे तक्रारींची यादी. त्या साधारणपणे २७ मोजल्या जातात, आणि त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात 'त्याने' या एकाच कर्त्याने होते. त्याने हे नाकारले, त्याने ते मोडले, त्याने सभा विसर्जित केल्या, त्याने आमच्यात सैन्य ठेवले. मोठ्याने वाचले तर ही यादी फिर्यादीसारखी ऐकू येते, आणि प्रत्येक 'त्याने' बरोबर आवाज चढत जातो. या पुनरुक्तीला कंटाळून वाचक यादी गाळतात. मला ती जाहीरनाम्यातली सर्वांत कसबी कामगिरी वाटते.

त्या कसबात एक लपवाछपवीही आहे. दहा वर्षे भांडण पार्लमेंटशी होते. कर पार्लमेंटने लावले, बंदर पार्लमेंटने बंद केले. जाहीरनाम्यात मात्र 'पार्लमेंट' हा शब्द एकदाही येत नाही. शेवटी ब्रिटिश बांधवांना उद्देशून बोलताना 'त्यांचे विधिमंडळ' असा ओझरता उल्लेख आहे. यादीत ते 'इतर काही' या शब्दांत राजाच्या पाठीमागे उभे आहे. याला कारण होते. वसाहतींची भूमिका तोवर अशी झाली होती की पार्लमेंटचा आमच्यावर कधी अधिकारच नव्हता, आमचे नाते फक्त राजाशी. ज्याच्याशी नाते त्याच्याशीच काडीमोड. म्हणून पार्लमेंटची कृत्येही राजाच्या नावावर चढली. खरा तिसरा जॉर्ज पार्लमेंटच्या वर्चस्वासाठी आग्रही होता. जाहीरनाम्यातला राजा हे लेखकांनी घडवलेले पात्र आहे, आणि त्या पात्राच्या विरोधातच तेरा वेगवेगळ्या वसाहती 'आम्ही' होऊ शकल्या.

खर्ड्यातल्या यादीचा कळस काँग्रेसने गाळला. त्या कलमात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवलेला होता. आफ्रिकेतल्या निरपराध लोकांना पकडून दुसऱ्या खंडात गुलामगिरीत ढकलले जाते, आणि माणसांच्या खरेदी-विक्रीचा बाजार राजा उघडा ठेवतो, असा आरोप होता. 'माणसे' हा शब्द जेफरसनने तेथे ठळक मोठ्या अक्षरांत लिहिला होता. समतेच्या वाक्यातही हाच शब्द आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला त्या शब्दात कोण कोण बसते हे ठाऊक होते. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहाखातर हे कलम गेले, आणि उत्तरेतल्या काहींनाही ते झोंबत होते, कारण गुलाम वाहून आणणारी जहाजे त्यांच्याकडची होती, असे जेफरसनने पुढे आत्मचरित्रात नोंदवले.

हे कलम राहिले असते तर, असा हळहळीचा सूर नेहमी लावला जातो. कलम नीट वाचले तर तो सूर थोडा आवरावा लागतो. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने गुलामांच्या आयातीला आळा घालण्याचा प्रयत्न केला होता आणि राजाच्या सरकारने तो अडवला होता, हे खरे. पण त्या वाक्यात बाजार उघडा ठेवणारा आहे, विकली जाणारी माणसे आहेत, आणि विकत घेणारा कुठेच नाही. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. कर्ता 'तो' ठेवल्यामुळे 'आम्ही' वाक्याबाहेर राहिलो. शिवाय त्याच कलमाच्या उत्तरार्धात राजा या गुलामांना आमच्याविरुद्ध उठवतो, अशीही तक्रार होती. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने बंडखोरांच्या गुलामांना, ते सैन्यात आले तर, स्वातंत्र्य देऊ केले होते. पूर्वार्ध गळला, उत्तरार्धाची सावली मात्र शेवटच्या तक्रारीत 'घरातली बंडे' अशा शब्दांत उरली, आणि तिच्या शेजारी मूळ रहिवाशांना 'रानटी' म्हणणारे शब्द. अंतिम मजकुरात गुलाम आहेत ते फक्त मालकांची भीती म्हणून.

३. तेरा कर्ते

जाहीरनाम्याच्या सुरुवातीला वेगळे होणारे 'एक लोक' आहेत, आणि शेवटी स्वतंत्र होणारी 'राज्ये' आहेत. एक की तेरा, हे मजकुरालाच ठरवता आलेले नाही. 'सर्वानुमते' हा शब्दही शीर्षकात नंतर आला, कारण ४ जुलैला न्यूयॉर्कची संमती यायची होती. पुढच्या कागदाने उत्तर दिले : तेरा.

'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' म्हणजे राज्यमंडळाच्या कलमांचा पहिला मसुदा डिकिन्सनचा होता. २ जुलै १७७६ ला स्वातंत्र्यावर मत घेताना तो मुद्दाम गैरहजर राहिला आणि जाहीरनाम्यावर त्याने सही केली नाही. परदेशाची मदत आणि आपसातली बांधणी आधी हवी, असे त्याचे म्हणणे होते. बांधणीचा त्याचा मसुदा काँग्रेसने बराच सैल केला, नोव्हेंबर १७७७ मध्ये स्वीकारला, आणि सर्व राज्यांची मान्यता मिळून तो १ मार्च १७८१ ला अमलात आला. या कागदात प्रत्येक राज्य सार्वभौम आहे, प्रत्येकाला एक मत आहे, आणि सगळ्यांचे नाते मैत्रीच्या कराराचे आहे. काँग्रेस राज्यांकडे पैसे मागू शकते, कर बसवू शकत नाही. दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती हवी. आयातीवर पाच टक्के जकातीची मागणी एकट्या ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये अडवली.

हा कागद वाचायला रुक्ष आहे. कुणी त्याचे पारायण करत नाही. पण त्याला अपयशी म्हणून झटकताना आपण हे विसरतो की तो त्या वेळचे सत्य सांगत होता. १७८३ च्या पॅरिसच्या तहात इंग्लंडच्या राजाने स्वातंत्र्य मान्य केले तेही तेरा राज्यांची नावे एकेक करून घेऊन. ज्यांनी एका दूरच्या सत्तेशी आठ वर्षे लढा दिला, ते दुसरी दूरची सत्ता लगेच कशी उभारतील? काँग्रेसच मग अर्जदार झाली. जुनी शैली परत आली. फरक इतकाच की आता केंद्र राज्यांना विनवत होते.

४. 'आम्ही लोक'

नव्या कर्त्याची तालीम मॅसॅच्युसेट्समध्ये झाली होती. तिथल्या विधिमंडळाने १७७८ मध्ये राज्यघटनेचा मसुदा गावोगावच्या सभांपुढे ठेवला आणि गावांनी तो फेटाळला. मग घटनेसाठीच वेगळी परिषद निवडली गेली, जॉन अ‍ॅडम्सने मसुदा लिहिला, गावांनी तो तपासला, आणि १७८० मध्ये ती घटना लागू झाली. कायदे करणारी सभा आणि घटना करणारे लोक वेगळे असतात, हे तत्त्व ग्रंथातून नव्हे, या गावसभांच्या नकारातून पक्के झाले.

१७८६-८७ च्या हिवाळ्यात त्याच राज्याच्या पश्चिम भागात कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेजसारख्या माजी सैनिकांच्या पुढाकाराने कोर्टे बंद पाडली. काँग्रेसजवळ सैन्याला पैसे नव्हते. मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. काम होते जुन्या कलमांच्या दुरुस्तीचे. दारे बंद करून तिने नवा कागदच लिहायला घेतला. एकूण ५५ प्रतिनिधी आले; शेवटी ३९ जणांच्या सह्या झाल्या. ऱ्होड आयलंड आलेच नाही.

या परिषदेतला सर्वांत मोठा वाङ्मयीन बदल अखेरच्या आठवड्यात झाला. ऑगस्टच्या मसुद्यात सुरुवात होती ती अमुक, अमुक आणि अमुक राज्यांचे लोक अशी, तेरा नावांच्या यादीने. ८ सप्टेंबरला भाषा नीट करण्यासाठी पाच जणांची शैली-समिती नेमली गेली आणि तिच्यातल्या गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचे नाव होते, हुद्दा नव्हे) अखेरचा हात फिरवला. चार दिवसांनी मसुदा परत आला तेव्हा राज्यांची नावे गेली होती. उरले होते 'आम्ही लोक', संयुक्त संस्थानांचे.

ही थोर कल्पना होती की सोय? माझ्या मते आधी सोय होती. नऊ राज्यांनी मान्यता दिली की घटना त्यांच्यापुरती लागू होणार होती, आणि कोणती नऊ हे सप्टेंबरात कुणालाच माहीत नव्हते. न आलेल्याचे नाव आमंत्रणपत्रिकेत कसे छापणार? पण सोयीने आलेल्या शब्दाचा अर्थ शत्रूने आधी ओळखला. व्हर्जिनियाच्या परिषदेत जून १७८८ मध्ये पॅट्रिक हेन्रीने विचारले की 'आम्ही राज्ये' न म्हणता 'आम्ही लोक' म्हणण्याचा अधिकार यांना दिला कुणी? विरोधकाने घेतलेला हा आक्षेप त्या शब्दांवरची गंभीर टीका आहे, आणि समर्थकांच्या स्तुतीपेक्षा मला ती अधिक उपयोगी वाटते. हेन्रीसारख्यांच्या विरोधातूनच पुढे हक्कांच्या दहा दुरुस्त्या आल्या. त्या डिसेंबर १७९१ मध्ये लागू झाल्या. त्याआधी जून १७८८ मध्ये न्यू हॅम्पशायर हे मान्यता देणारे नववे राज्य ठरले होते आणि एप्रिल १७८९ मध्ये वॉशिंग्टनने अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. अर्जदार राज्यकर्ता झाला.

५. नसलेला शब्द

आता ज्या घटनेची सुरुवात इतक्या ठाम कर्त्याने होते तिच्यातली तीन कलमे पाहू. पहिल्यात प्रतिनिधींची संख्या ठरवताना मुक्त माणसांत 'इतर सर्व व्यक्तीं'चे तीन पंचमांश मिळवायचे आहेत. दुसऱ्यात, राज्यांना ज्या 'व्यक्ती' आणणे योग्य वाटेल त्यांच्या आयातीवर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही. तिसऱ्यात, सेवेला वा श्रमाला बांधलेली 'व्यक्ती' एका राज्यातून दुसऱ्यात पळाली तर हक्कदाराच्या हाती सोपवली जाईल. कोण सोपवील, हे सांगितलेले नाही. १७९० च्या खानेसुमारीत सुमारे ३९ लाख लोकसंख्येत सुमारे सात लाख माणसे गुलाम होती. त्यांच्याविषयीची ही तीन कलमे आहेत, आणि 'गुलाम' किंवा 'गुलामगिरी' हा शब्द त्यांत एकदाही नाही.

हा निसटलेला शब्द नव्हे. माणसांत मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणे चूक ठरेल, असे मॅडिसन परिषदेत बोलला; त्याच्याच टिपणांत ते आहे. खुद्द मॉरिसने ऑगस्टमध्ये गुलामगिरीवर कडाडून हल्ला केला होता. पण सर्वांत नेमके वाक्य सापडते ते डिकिन्सनच्या टिपणांत. तो आता डेलावेअरचा प्रतिनिधी होता आणि स्वतःच्या गुलामांना मुक्त करून चुकला होता. तो शब्द गाळला तर, ज्याची आपल्याला लाज वाटते असे तत्त्व आपण झाकू पाहतो असे जग म्हणेल, अशा आशयाची नोंद त्याने केली. आयुष्यभर अर्ज लिहिलेल्या माणसाला शब्द का टाळले जातात हे चांगले कळत होते.

तरी घटनेवर त्याचेही नाव आहे. तो आजारी असल्याने त्याच्या सहकाऱ्याने ते त्याच्या वतीने लिहिले. लाज ओळखणारा आणि लाज झाकणारा कागद मान्य करणारा, दोघे एकच. यावर सोपा निकाल देणे मला जमत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांवाचून संघ होणार नाही हे त्याला दिसत होते. संघावाचून काय होते हे त्याने १७८१ नंतर पाहिले होते.

वगळलेले मात्र गप्प नव्हते. जानेवारी १७७७ मध्ये, जाहीरनाम्याला सहा महिने झाले असताना, प्रिन्स हॉल आणि इतर कृष्णवर्णीयांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज दिला. ब्रिटनशी लढताना तुम्ही ज्या तत्त्वावर चाललात त्यातले प्रत्येक तत्त्व आमच्या बाजूने अधिक जोराने बोलते, असा त्याचा आशय आहे. शैली तीच आहे, वसाहतींनी राजाला लिहिली ती. फक्त राजाच्या जागी आता वसाहतवाले आहेत. १७८१ मध्ये त्याच राज्यात एलिझाबेथ फ्रीमन ही गुलाम स्त्री नव्या राज्यघटनेच्या आधारे कोर्टात गेली आणि मुक्त झाली. 'सर्व माणसे' या कर्त्यात आपण आहोत, असे तिने कोर्टाकडून वदवून घेतले.

६. वाचणारे

त्या नसलेल्या शब्दावर पुढे पाऊणशे वर्षे वाद झाला आणि तो वाद खऱ्या अर्थाने समीक्षेचा होता. विल्यम लॉइड गॅरिसनने १८५४ च्या ४ जुलैला घटनेची प्रत जाहीरपणे जाळली. शब्द झाकला म्हणून करार बदलत नाही, असे त्याचे वाचन. गुलामगिरीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस आधी त्याच मताचा होता. १८५१ मध्ये त्याने मत बदलले. कागदावर नाही ते करणाऱ्यांच्या मनात होते म्हणून मी का मानू, असे तो विचारी. तिथे 'लोक' लिहिले आहे, 'गोरे लोक' नव्हे. १८५७ मध्ये सरन्यायाधीश टॅनी यांनी ड्रेड स्कॉटच्या खटल्यात उलट निकाल दिला : कृष्णवर्णीय त्या 'लोकां'त कधी नव्हतेच.

इतिहास म्हणून गॅरिसनचे वाचन खऱ्याच्या अधिक जवळ आहे, असे मला वाटते. तरी वाचक म्हणून मी डग्लसच्या बाजूला आहे. लाजेने सोडलेली रिकामी जागा त्याने दारासारखी वापरली. पण दार वाचनाने उघडले नाही, हेही तितकेच खरे. त्याला एक भीषण यादवी युद्ध लागले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत 'गुलामगिरी' हा शब्द अमेरिकेच्या घटनेत पहिल्यांदा आला, आणि आला तो तिला बंदी घालण्यासाठी.

त्यानंतर आठ वर्षांनी तोच शब्द पुण्यात एका पुस्तकाचे नाव झाला. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते युनायटेड स्टेट्सच्या भल्या लोकांना अर्पण केले. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे. 'भले लोक' ही तिच्यातली शब्दयोजना जाहीरनाम्याच्या शेवटच्या परिच्छेदातही आहे. फुल्यांनी ती तेथूनच घेतली असा दावा मी करणार नाही. पेनचे मनुष्याच्या हक्कांवरचे पुस्तक मात्र त्यांनी तरुणपणी वाचले होते. लक्षात घेण्यासारखे हे की अर्पण १७७६ च्या थोर पुरुषांना नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी त्याग केला त्या लोकांना आहे, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यात आहे. म्हणजे फुल्यांनी ही गोष्ट तिच्या शेवटाकडून वाचली. मला आज हेच वाचन सर्वांत शहाणपणाचे वाटते.

आणखी एक दुवा आहे. मॉरिस आणि हॅमिल्टन हे शैली-समितीतले दोघे न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचे विद्यार्थी. क्रांतीनंतर, १७८४ मध्ये, त्या कॉलेजाच्या नावातला राजा गेला आणि ते कोलंबिया झाले. समितीचा अध्यक्ष विल्यम सॅम्युएल जॉन्सन १७८७ मध्येच त्याचा प्रमुख झाला. त्याच कोलंबियात १९१३ ते १९१६ बाबासाहेब आंबेडकर शिकले. ते ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिच्या घटनेची सुरुवातही 'आम्ही' पासून होते. ते साम्य सर्वांच्या लक्षात येते. मला त्याहून मोठा वाटतो तो एक फरक. फिलाडेल्फियाने जे नाव टाळले तसे नाव आपल्या घटनेने टाळले नाही. सतराव्या अनुच्छेदात 'अस्पृश्यता' हा शब्द आहे, तेविसाव्यात 'वेठबिगार' आहे. ज्याची लाज वाटावी ते नाव घेऊन लिहिलेले आहे, आणि नाव घेऊन बंद केलेले आहे.

लिहिल्याने ते संपले असे वर्तमानपत्र उघडणारा कुणीही म्हणणार नाही. पण नाव असलेल्या अन्यायाविरुद्ध कोर्टात उभे राहता येते, आणि नाव नसलेल्यासाठी आधी शब्द शोधावा लागतो. सरकारी कागद, ठराव, जाहीरनामे आजही आपल्या दारात येतात. 'जमीन संपादित केली जाईल', 'नावे वगळण्यात आली आहेत', 'कारवाई करण्यात येईल' अशा वाक्यांनी ते भरलेले असतात. जेफरसनच्या खर्ड्यावरचा तो डाग पाहिल्यापासून असे वाक्य आले की मी थांबतो, आणि व्याकरणाच्या तासाला विचारत तोच प्रश्न विचारून पाहतो.